३९० ड्यूक शहरात झटके मारते, पाय भाजतात, हँडल हलकं वाटतं: यात बिघाड किती आणि गाडीचा स्वभाव किती?

आधी तुझा प्रश्न माझ्या शब्दात मांडतो, नंतर वाचणाऱ्यांनाही बरं पडेल. तुझ्याकडे रॉयल एनफिल्डची जे-सिरीजवाली (नवीन इंजिनाची) क्लासिक ३५० होती, ती विकून तू २०१९ ची केटीएम ३९० ड्यूक सेकंडहँड घेतलीस, रोज धायरी ते हिंजवडी जाणं-येणं. तक्रारी तीन. तीन हजार आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे) खाली गाडी झटके मारते, ट्रॅफिकमध्ये पंखा सुरू झाला की नडग्या भाजतात, आणि हँडल इतकं हलकं आहे की खराब रस्त्यावर गाडी अंगाखाली नाचते. मित्रांनी उपाय सांगितलेत, रीमॅप कर (म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधलं पेट्रोलचं गणित बदल), हाय-फ्लो म्हणजे जास्त हवा सोडणारा फिल्टर टाक, पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) चौदा दाताचं बसव, आणि एकजण म्हणतो कशाला डोकं लावतोस, विकून टाक आणि ट्रायम्फची स्पीड ४०० घे.

माझं साताऱ्यात हायवेलगत गॅरेज आहे, त्यामुळे पुणे-बंगळुरू रस्त्यावरच्या सगळ्या प्रकारच्या गाड्या येतात आणि त्यात ड्यूक कायम असतात. तुझी गाडी मी बघितलेली नाही हे मात्र लक्षात ठेव. किती किमी झालेत, चेन सेट कधी बदललाय, आधीच्या मालकाने ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) किंवा सायलेन्सरशी काही खेळ केलाय का, यावर निम्मं उत्तर अवलंबून आहे आणि ते मी इथून सांगू शकत नाही. उरलेलं निम्मं मात्र सगळ्या ३९० ना लागू आहे कारण ते गाडीच्या डिझाईनमध्येच आहे. माझ्या मते तुझा खरा प्रश्न "गाडी बिघडलीय का" हा नाहीच, तू ड्यूक क्लासिकसारखी चालवतोयस हा आहे, आणि वर थोडाफार खरा बिघाडही असेल. दोन्ही वेगळे करायला पाहिजेत नाहीतर पैसे भलत्याच ठिकाणी जातात.

इंजिनपासून सुरू करू. तुझ्या क्लासिकच्या पिस्टनचा व्यास ७२ मिमी आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरून खालपर्यंतची धाव, ८५.८ मिमी. ड्यूकचा व्यास ८९ आणि स्ट्रोक फक्त ६०. सीसी म्हणशील तर ३४९ आणि ३७३, म्हणजे जवळपास एकच, पण एक इंजिन उंच आणि बारीक, दुसरं बुटकं आणि रुंद. स्ट्रोक कमी का ठेवला, तर इंजिन जोरात फिरवता यावं म्हणून. पिस्टन एका फेरीत दोन वेळा स्ट्रोकएवढं अंतर कापतो, तर ६० मिमीच्या हिशोबाने ९००० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १८ मीटर येतो, हे रोजच्या गाडीला झेपतं. तेच क्लासिकचं इंजिन ९००० ला फिरवलं तर तो वेग २५ मीटरच्या पुढे जातो, ते रेसच्या इंजिनाचं काम झालं. वर ८९ च्या व्यासामुळे हेडमध्ये चार मोठे व्हॉल्व बसतात, म्हणजे तेवढ्या वेगात श्वास घ्यायला जागा पण मिळते.

याचा फायदा कागदावर लगेच दिसतो. क्लासिक ४००० ला २७ एनएम टॉर्क आणि ६१०० ला २०.२ पीएस पॉवर. तुझी ड्यूक ७००० ला ३७ एनएम आणि ९००० ला ४३.५ पीएस. टॉर्क दीडपट सुद्धा नाही, पण पॉवर दुपटीच्या वर. कारण पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम, आणि ड्यूकची सगळी कमाई त्या आरपीएममधून आहे. वजनही बघ, क्लासिक १९५ किलो, ड्यूक १६३ च्या आसपास. दर किलोमागे पॉवर काढलीस तर ड्यूक अडीचपट भरते. मग ही पॉवर तुला जाणवत का नाही, तर तू ती जिथे आहे तिथे जातच नाहीयेस.

खालच्या आरपीएमला काय होतं ते जरा नीट सांगतो, कारण तुझी मुख्य तक्रार तीच आहे. जोरात फिरणाऱ्या इंजिनाचा इनटेक व्हॉल्व उशिरा बंद होतो, वरच्या वेगात आत येणाऱ्या हवेला जोर असतो म्हणून पिस्टन वर निघाला तरी ती आत घुसतच राहते, पण २५०० ला तो जोर नसतो आणि भरलेल्यातला थोडा माल उलटा बाहेर ढकलला जातो. त्यात थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) ४६ मिमीची, एका सिलेंडरसाठी ही मोठीच झाली, थोडीशी उघडली तरी हवा बरीच आणि हळू जाते त्यामुळे बारीक थ्रॉटलला कंट्रोल नाजूक होतो. आणि तिसरं फ्लायव्हील. क्लासिकचं जड फ्लायव्हील जात्यासारखं आहे, एकदा फिरलं की दोन हिसक्यांच्या मध्ये स्वतःच्या वजनावर फिरत राहतं. ड्यूकचा क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतो तो दांडा) मुद्दाम हलका, कारण थ्रॉटल दिला की लगेच आरपीएम चढले पाहिजेत. एका सिलेंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच जोर लावतं, म्हणजे ३००० ला सेकंदाला २५ धक्के आणि २००० ला जेमतेम सतरा. मधल्या वेळेत हलका क्रँक मंदावतो, पुढचा धक्का त्याला परत उचलतो, आणि ही ओढाताण चेनमधून तुझ्या बुडापर्यंत पोचते. बॅलन्सर शाफ्ट आहे की, असं कोणी म्हणेल, पण तो पिस्टनच्या वर-खाली जाण्याची थरथर कमी करतो, स्फोटांमधलं अंतर तो भरू शकत नाही.

आता गिअरचा हिशोब. स्टॉक, म्हणजे कंपनीच्या मूळ गिअरिंगवर, पुढच्या स्प्रॉकेटला पंधरा दात आणि मागच्याला पंचेचाळीस, सहाव्या गिअरमध्ये ५० च्या स्पीडला ड्यूकचं इंजिन साधारण ३००० ला असतं. चौथ्यात त्याच स्पीडला ४००० आणि तिसऱ्यात ५००० च्या जरा खाली. क्लासिकवर आपण पन्नासला टॉप टाकून निवांत जातो आणि सर्व्हिस रोडवर उगाच गिअर खाली करत नाही, ती सवय हाताला लागलेली असते. ड्यूकवर तेच केलंस की तू बरोब्बर त्या झटक्यांच्या पट्ट्यात बसतोस. उपाय साधा आहे पण पहिले काही दिवस कानाला त्रास होतो, कारण ४००० ते ५००० चा आवाज बुलेटवाल्याच्या कानाला "गाडी ओरडतेय" असा लागतो. ती ओरडत नाहीये, १०,००० च्या जवळ लाल पट्टा असलेल्या इंजिनाला ४५०० म्हणजे चालत फिरायला निघाल्यासारखं आहे. शहरात तिसरा-चौथा गिअर, टॉप हायवेला. २०१७ नंतरच्या मॉडेलला स्लिपर क्लच आहे, लिव्हर हलका आहे, गिअर खाली करताना मागचं चाक उड्या मारत नाही, तर गिअर बदलायचा कंटाळा करू नकोस.

असं इंजिन बनवलंच कशाला, आपल्याकडे तर सगळे ट्रॅफिकमध्येच असतात, हा प्रश्न गॅरेजमध्ये पण येतो. गाडी बनते चाकणला पण ती फक्त चाकणसाठी बनलेली नाही. बजाजने केटीएममध्ये २००७ मध्ये हिस्सा घेतला, चाकणला आधी १२५ आणि २०० ड्यूक बनायला लागल्या, आणि २०१३ मध्ये ३९० आली ती भारताबरोबरच युरोपसाठी पण. तिकडे तरुण पोरांसाठी ए-टू नावाचं लायसन्स असतं, त्यात गाडीची पॉवर ३५ किलोवॅटच्या आत पाहिजे आणि शिवाय दर किलो वजनामागे ०.२ किलोवॅटपेक्षा जास्त नको. आता ड्यूकची पॉवर ३२ किलोवॅट, भागिले ०.२, आले १६० किलो. गाडीचं वजन बघ किती आहे ते. मला हा योगायोग वाटत नाही, त्या नियमाच्या चौकटीत जेवढं भरता येईल तेवढं काठोकाठ भरलंय. हलकी ठेवायची तर सिंगल सिलेंडर, सिंगलमधून ४३ पीएस काढायचे तर व्यास मोठा, स्ट्रोक छोटा, आरपीएम जास्त. एक गोष्ट ठरली की बाकीच्या मागोमाग येतात. तुला ज्या तीन गोष्टींचा त्रास होतोय त्या तिन्ही या एकाच निर्णयाची बिलं आहेत.

बरं, हे सगळं स्वभावाचं झालं. आता बिघाड आहे का ते कसं ओळखायचं. माझ्याकडे झटक्यांची तक्रार घेऊन कोणी आलं तर मी लॅपटॉप काढत नाही, आधी गाडी चालवून बघतो. तू पण कर. गाडी पूर्ण गरम होऊ दे, सकाळी लवकर मोकळा सरळ रस्ता बघ, चौथा गिअर, पन्नासचा स्पीड, आणि थ्रॉटल अजिबात न हलवता अर्धा किलोमीटर जा. इथे गाडी एकसारखी गेली पाहिजे. गेली तर इंजिन ठीक आहे आणि तुझा प्रश्न गिअरचा आहे. इथेही पुढे-मागे हेलकावे देत असेल तर काहीतरी सापडणार. मग तिथूनच थ्रॉटल हळूहळू पिळत ७००० पर्यंत ने. मध्ये कुठे अडखळली, खोकली, सपाट पडली तर ते इंधन किंवा स्पार्कचं. खेच एकसारखी आहे पण थ्रॉटल सोडताना आणि परत देताना टकटक असा धक्का बसतोय तर ते मागचं काम आहे, म्हणजे चेन आणि हब.

सेकंडहँड गाडीत मला सगळ्यात जास्त सापडतं ते हे मागचंच. इंजिन बंद, मागचं चाक पॅडॉक स्टँडवर, पहिला गिअर टाक आणि चाक हाताने पुढे-मागे हलवून बघ किती मोकळं फिरतंय. थोडं फिरणारच, गिअरबॉक्सच्या दातात तेवढा खेळ असतो, पण चार बोटं फिरत असेल तर चेन ढिली आहे नाहीतर हब रबर (मागच्या चाकाच्या हबमधले धक्के शोषणारे रबर) बसलेत. मग न्यूट्रल करून चाक पूर्ण फिरव आणि चेन जागोजागी दाबून बघ. एका ठिकाणी टाइट आणि दुसऱ्या ठिकाणी लोंबतेय असं असेल तर अॅडजस्ट करण्यात अर्थ नाही, चेन-स्प्रॉकेट पूर्ण सेट बदल, नुसती चेन बदलायची काटकसर केलीस तर जुने दात नवीन चेन खातात. हब रबर स्वस्तातलं काम आहे, चाक काढलंच आहे तर बघून घे, दाबल्यावर दगडासारखे लागले किंवा खाच पडली असेल तर बदल. क्रँक हलका, धक्के मोठे, आणि मध्ये लवचिक असं हे एवढंच रबर, ते गेलं की २५०० ला गाडी बैलगाडी होते आणि लोक ईसीयूला शिव्या देत बसतात.

चेन ठीक निघाली तर पुढचं. क्लच लिव्हरला फ्री प्ले आहे का, एअर फिल्टर कधी बदललाय, प्लग, थ्रॉटल बॉडीत कार्बनचा थर. टॅपेट शेवटी. या इंजिनाचं टॅपेट क्लिअरन्स, म्हणजे कॅम आणि व्हॉल्वमधली फट, शिमवर (मोजमापाच्या बारीक चकतीवर) असतं आणि साधारण १५,००० किमीला चेक करायचं असतं, सेकंडहँड गाडीच्या सर्व्हिस रेकॉर्डमध्ये ही नोंद नसेल तर झालंच नाही असं धर. हे काम स्क्रू-ड्रायव्हर आणि पान्याचं नाही, कॅम काढावे लागतात, शिम मोजून बदलावी लागते, त्यामुळे कोपऱ्यावरचा मेकॅनिक "टॅपेट वाजत नाही ना, मग सोड" म्हणेल. टॅपेट वाजत नाही ही उलट काळजीची गोष्ट आहे, व्हॉल्व सीटमध्ये बसत जातो तसा क्लिअरन्स कमी होतो, आवाज बंद होतो, आणि गरम असताना व्हॉल्व नीट मिटत नाही. स्टार्टिंगला त्रास आणि आयडलिंगला गाडी बंद पडणं ही त्याची लक्षणं असू शकतात.

आता मित्रांचे उपाय. रीमॅपने काहीच होत नाही असं मी म्हणणार नाही, होतं. हळू आणि स्थिर थ्रॉटलला ईसीयू ऑक्सिजन सेन्सरचं ऐकून पेट्रोल-हवेचं प्रमाण कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला पाहिजे तसं, म्हणजे एक किलो पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा, एवढं ठेवतो. तेवढ्या पातळ मिश्रणावर मोठा सिंगल जरा खडबडीतच चालतो. रीमॅपवाले तिथे पेट्रोल वाढवतात आणि गाडी मऊ होते, यात जादू नाही. पण ढिल्या चेनवर रीमॅप केलास तर काय मऊ होणार, आणि अॅव्हरेज जाईल, पीयूसीचा प्रश्न येईल ते वेगळंच. शिवाय तुझ्या गाडीत आधीच्या मालकाने कोणता मॅप टाकलाय हेच तुला माहीत नाही. त्यामुळे क्रम असा: आधी मागचं काम, मग सर्व्हिस, मग गिअरची सवय, आणि तरीही वाटलं तर डायनोवर (पॉवर मोजायच्या मशीनवर) गाडी लावून मॅप बनवणारा माणूस गाठ. मोबाईलवरून फाइल पाठवणाऱ्यांच्या नादाला लागू नकोस.

हाय-फ्लो फिल्टर तर नकोच. तुझी अडचण २५०० आरपीएमला आहे, तिथे इंजिनाला हवा कमी पडतच नाहीये, थ्रॉटल जवळपास बंद असतो, मग फिल्टर मोकळा करून काय मिळणार. आणि धोका खरा आहे. या सिलेंडरला आतून निकासिलचा थर असतो, पातळ आणि कडक, त्यामुळे बोअर टिकतो भरपूर, पण एकदा धुळीने ओरखडला तर जुन्या गाड्यांसारखं लेथवर बोअरिंग करून ओव्हरसाइज पिस्टन टाकला असं जमत नाही, ब्लॉक बदला नाहीतर परत कोटिंग करून घ्या. आपल्याकडे रस्त्याची कामं बारमाही चालू, धूळ किती ते तुला सांगायला नको. कागदी फिल्टर वेळेवर बदल.

चौदा दाताचं स्प्रॉकेट हा त्यातल्या त्यात समजूतदार सल्ला आहे, पण त्याने किती फरक पडतो ते बघ. रेशो ३ वरून ३.२१ होतो, म्हणजे सात टक्के. पन्नासला टॉपमध्ये ३००० होते ते ३२०० झाले. आणि नुसता सहाव्यातून पाचव्यात आलास तर? चौदा टक्के. म्हणजे पैसे खर्च करून तू अर्धा गिअर विकत घेतलास, जो पाय हलवून पूर्ण मिळत होता. हायवेला १०० च्या स्पीडला ५८०० च्या जागी ६२०० आरपीएम होतील, थरथर वाढेल, आणि छोट्या स्प्रॉकेटवर चेन जास्त वाकते तर ती पण लवकर जाईल. ज्याचं सगळं चालवणं शहरात आणि घाटात आहे, मागे कायम कोणीतरी बसलेलं असतं, त्याला मी लावून देतो. तुझं मागचं सेट बदलायची वेळ आलीच असेल तर तेव्हा विचार कर, त्यासाठी चांगला सेट फोडू नकोस.

उष्णतेचं थोडक्यात. ढोबळमानाने पेट्रोलमधली एक तृतीयांश ऊर्जा चाकाला जाते, बाकीची कूलंट आणि सायलेन्सरमधून बाहेर. एअर-कूल्ड क्लासिक ती हळूहळू सगळ्या अंगातून सोडते, ड्यूक ती एका रेडिएटरमध्ये गोळा करून पंख्याने मागे फेकते, आणि नेकेड गाडीला ती हवा बाजूला वळवणारं फेअरिंग नाही, मागे तुझ्या नडग्या आहेत. कॉम्प्रेशन रेशो बाराच्या वर आहे म्हणजे इंजिन तसंही तापटच. वाकड पुलाखाली मे महिन्यात संध्याकाळी पंखा सतत चालणार, तो चालू असणं म्हणजे यंत्रणा काम करतेय. बिघाड कधी समजायचा, तर गाडी ५०-६० ने मोकळी चालू लागल्यावर पण टेंपरेचरचे बार खाली येत नसतील तेव्हा. मग गार इंजिनावर कूलंटची लेव्हल बघ, रेडिएटरच्या जाळीत चिखल आणि किडे अडकलेत का बघ, आणि आधीच्या मालकाने नळाचं पाणी भरलेलं असेल तर सिस्टिम धुवून नवीन कूलंट भर. धुताना प्रेशरचा फवारा जाळीवर जवळून मारू नकोस, पात्या वाकतात. बाकी जाड जीन्स आणि घोट्याच्या वर येणारे बूट, याशिवाय त्यावर उपाय नाही.

हँडल. ड्यूकचा व्हीलबेस (दोन चाकांमधलं अंतर) १३५७ मिमी, ट्रेल ९५ मिमी. हँडलच्या दांड्याची रेषा खाली जमिनीपर्यंत ओढली तर तिच्या जितकं मागे टायर टेकतो, ते अंतर म्हणजे ट्रेल. पुढचं चाक सरळ धरून ठेवायचं काम ट्रेल करतो, जास्त असेल तर गाडी रूळावरून चालल्यासारखी जाते, कमी असेल तर बोटाच्या इशाऱ्यावर वळते. क्लासिकचा व्हीलबेस १३९० आणि वजन तीसेक किलो जास्त, शिवाय तिचं हँडल तुझ्या मांडीकडे येतं आणि तू सीटवर टेकून बसतोस. ड्यूकवर सीट ८३० मिमी उंच, फूटपेग मागे, हँडल रुंद आणि सपाट, म्हणजे तू पुढच्या चाकावर जवळजवळ ओणवा. रुंद हँडलमुळे तुझ्या हाताचा प्रत्येक हिसका स्टिअरिंगपर्यंत पोचतो. खड्ड्यात गाडी नाचते तेव्हा बहुतेक वेळा गाडी नाही, घाबरून आवळलेले हात तिला नाचवत असतात. गुडघ्याने टाकी धर, वजन पोट आणि पाठीवर घे, हात कोपरात सैल ठेव. हे वाचायला गुळगुळीत उपदेश वाटेल पण पसरणी घाटात वाईहून पाचगणीला दोन चकरा मारून बघ, पहिल्या चकरेत खांदे दुखतील, सवय झाली की त्याच वळणांवर कळेल या गाडीचा ट्रेल कमी का ठेवलाय. तिथे ३९० दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ५००० ते ८००० च्या मध्ये खेळते, एका वळणातून दुसऱ्यात टाकायला ताकद लागत नाही, आणि दुप्पट किमतीच्या जड गाड्या तिथे घाम गाळत असतात. डिझाईन करणाऱ्याच्या डोळ्यापुढे हाच रस्ता होता, वाकड पूल नव्हता.

इथेही बिघाड वेगळा काढायला पाहिजे. पुढचं चाक उचलून हँडल हळूच डावी-उजवी फिरव, मधोमध खाच लागल्यासारखी जागा जाणवली तर कोनसेट (हँडलच्या दांड्याचे बेअरिंग) गेलाय. फोर्क खालून धरून पुढे-मागे ओढ, टक आवाज आला तर कोनसेट ढिला. टायर बघ, पुण्याच्या सरळ रस्त्यांवर मागचा टायर मधोमध सपाट होतो आणि मग गाडी वळणात पडताना एकदम कोसळल्यासारखी वाटते, लोकांना वाटतं फ्रेम वाकडी. हवेचं प्रेशर मॅन्युअलमध्ये आहे तेच, पेट्रोल पंपावरचा पोरगा अंदाजाने चाळीस मारतो ते चालवून घेऊ नकोस. आणि मागचा प्रीलोड, म्हणजे शॉकच्या स्प्रिंगवर आधीच दिलेला दाब. आधीच्या मालकाचं वजन नव्वद आणि तुझं साठ असेल तर मागचा शॉक तुला लाथा मारणारच. तो दोन पायऱ्या मऊ करून बघ, फुकटचं काम आहे, सी-स्पॅनर लागतो फक्त.

ब्रेकचं तू काही विचारलं नाहीस म्हणजे ते आवडले असतील. पुढे ३२० मिमीची डिस्क आणि चार पिस्टनचा रेडियल कॅलिपर आहे, क्लासिकच्या सवयीने चारही बोटांनी आवळू नकोस, दोन बोटं पुरतात. सुपरमोटो मोडमध्ये मागचा एबीएस बंद होतो, आधीच्या मालकाने तो लावून ठेवलेला नाही ना तेवढं मेनूत बघून घे.

राहिली स्पीड ४००. ती पण चाकणलाच बनते, आणि गंमत बघ, तिचा व्यास ८९ आणि स्ट्रोक ६४, नवीन ३९९ सीसीच्या ड्यूकचाही तेवढाच. तरी स्पीड ४०० ला ८००० ला ४० पीएस आणि ड्यूकला ८५०० ला ४६. टॉर्क स्पीडचा ३७.५ एनएम ६५०० ला, तुझ्या जुन्या ड्यूकचा ३७. म्हणजे ब्रोशर समोर ठेवून कोणाला वाटेल दोन्ही एकच. चालवल्यावर पहिल्या सिग्नलला फरक कळतो, कारण कॅम, मॅप, फ्लायव्हीलचं वजन आणि गिअरिंग यातलं काही त्या दोन आकड्यांत दिसत नाही. स्पीड ४०० चा ट्रेल १०२ मिमी, सीट ७९०, सगळं एकेक पाऊल क्लासिकच्या बाजूला सरकवलेलं. नवीन ड्यूकमध्येही कंपनीने स्ट्रोक ६० चा ६४ केला आणि पॉवरचा आरपीएम ९००० वरून ८५०० वर आणला, पिस्टनचा वेग काढलास तर परत १८ च्या आसपासच येतो, म्हणजे तीच मर्यादा पाळून खालचा टॉर्क वाढवला, ३९ एनएम आणि तो ६५०० ला. वर फोर्कला अॅडजस्टमेंट दिली. एकंदर तुझी तक्रार त्यांच्या कानावर आधीच गेलेली दिसतेय.

तर घ्यायची का? तुझं चालवणं नव्वद टक्के धायरी-हिंजवडी असेल आणि रविवारी गाडी बाहेर निघतच नसेल तर हो, स्पीड ४०० तुला जास्त सुख देईल आणि त्यात काही कमीपणा नाही. फक्त पैशाचा विचार कर, २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या गाड्यांना ४० टक्के जीएसटी आहे आणि ३५० पर्यंत १८, म्हणजे जी क्लासिक तू विकलीस ती स्वस्ताच्या बाजूला राहिली आणि हे सगळे चारशेवाले महागाच्या बाजूला. महिन्यातून दोनदा जरी घाट बघणार असशील तर मी ड्यूक ठेवेन. २०१९ ची गाडी, टीएफटी (रंगीत) स्क्रीन, राइड-बाय-वायर म्हणजे केबलऐवजी इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल, एवढी चेसिस, सेकंडहँडच्या पैशात दुसरं काही या तोडीचं मिळत नाही असं माझं मत आहे, ज्यांना पटत नाही त्यांनी खाली भांडावं.

आत्ता एवढं कर. चौथ्या गिअरची पन्नासवाली टेस्ट घे आणि काय झालं ते लिही. ओडोमीटर किती आहे ते सांग, मागच्या स्प्रॉकेटचा बाजूने जवळून फोटो टाक म्हणजे दात वाकलेत का दिसेल, आणि चाक उघडलंस तर हब रबरचा पण टाक. सायलेन्सर स्टॉक आहे का तेही कळव, कारण आधीच्या मालकाने तो बदलून मॅप तसाच ठेवला असेल तर वरचं बरंचसं उत्तर मला वेगळं द्यावं लागेल.